पांढरा बॉल परत येतो कसा, आणि येत नसेल तर काय करायचं

"अहो, टेबल बॉल खातंय." क्लबहाउसच्या सेक्रेटरींचा फोन आला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं. फाटलेल्या कापडाबद्दल किंवा वाकड्या क्यूबद्दल (खेळायच्या काठीबद्दल) लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात. पण क्यूने मारायचा पांढरा बॉल पॉकेटमधून आत गेला आणि परत आला नाही, तर पाच मिनिटांत चार जण टेबलाला लाथा घालायला लागतात. लाथ घातल्यावर कधीकधी बॉल येतोही, त्यामुळे तो उपाय रुजला आहे. तो कृपया सोडा. नाणं टाकून खेळायच्या या पूल टेबलाच्या, म्हणजे कॉइन टेबलाच्या, पोटात फारसं गुंतागुंतीचं काही नसतं. वाट एकदा समजून घेतली तर निम्म्या तक्रारी मेकॅनिक न बोलावता सुटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. नेहमीच्या कॉइन टेबलाला रंग दिसत नाही. पांढरा, काळा, पट्ट्यांचा, त्याच्या लेखी सगळे सारखेच. पांढरा ओळखायच्या त्याच्याकडे दोनच खुणा असतात: बॉलचा आकार, नाहीतर बॉलच्या पोटातलं लोखंड. तुमचं टेबल यातली कुठली खूण शोधतं हे कळल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

मुळात ही भानगड हवी कशाला?

मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांत आणि क्लबांत हा प्रश्न कधी आला नाही. सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) असो वा बॉम्बे जिमखाना, तिथली परंपरा बिलियर्ड्‌स आणि स्नूकरची. विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्‌सचे जगज्जेते झाले, पुढे मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच किताब मिळवला. ते सगळं ज्या प्रकारच्या टेबलांवर घडलं, तिथे बॉल पॉकेटच्या जाळीत किंवा खालच्या छोट्या रुळावर थांबतो आणि मार्कर, म्हणजे टेबलापाशी नेमलेला माणूस, तो उचलून जागेवर ठेवतो. पूल पार्लरमध्येही हिशेब तासावर किंवा फ्रेमवर असतो आणि काउंटरवर माणूस बसलेला असतो. बॉल मोकळे राहिले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

कॉइन टेबलाजवळ माणूस नसतो. मालकाला प्रत्येक डावाचे पैसे हवेत, म्हणजे पॉट झालेले (पॉकेटमध्ये पडलेले) रंगीत बॉल पुढचं नाणं पडेपर्यंत आत अडकून राहिले पाहिजेत. पण पांढरा चुकून पॉकेटमध्ये गेला तर तो फाउल. समोरच्याला तो हातात घेऊन खेळायचाय, म्हणून तो लगेच बाहेर यायला हवा. एकाच पॉकेटमधून आत जाणाऱ्या सोळा बॉलपैकी पंधरांना कोंडायचं आणि एकाला सोडायचं, एवढंच हे काम. मार्करचं काम उतार आणि एखादं चुंबक करतं.

याचा खेळावरही परिणाम होतो. एटबॉल या पूलच्या प्रकारात फाउल करताना पडलेला रंगीत बॉल आतच राहतो, त्यामुळे हा खेळ कॉइन टेबलावर बिनबोभाट चालतो. नाइनबॉल या दुसऱ्या प्रकारात फाउलवर पडलेला नऊ नंबर परत टेबलावर ठेवावा लागतो आणि तो आतून काढायचा तर दुसरं नाणं टाकावं लागतं. कॉइन टेबलावर नाइनबॉल खेळायचा हट्ट धरू नये, हे माझं मत.

वाट कशी जाते

सहा पॉकेटांखाली सहा तोंडं असतात. तिथून उताराच्या पन्हळी निघतात, प्लॅस्टिकच्या, पत्र्याच्या, जुन्या टेबलांत लाकडाच्या. टेबलाच्या पलंगाखालून (खेळायच्या सपाट भागाखालून) जाताना त्या एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी एकच पन्हळ उरते. याच एका पन्हळीवर निवडीची जागा असते. तिथे रेल्वेच्या सांध्यासारखी वाट फुटते: एक फाटा पांढऱ्याचा, तो सरळ टेबलाच्या टोकाला किंवा बाजूला असलेल्या छोट्या खिडकीत उतरतो, दुसरा रंगीत बॉलांच्या कोठीकडे जातो. कोठीला बऱ्याचदा पारदर्शक काच असते, कोण किती पडले ते तिच्यातून दिसतं. कोठीच्या तोंडाशी झडप असते आणि ती नाण्याच्या सरकपट्टीला जोडलेली असते.

कान देऊन ऐकलं तर ही वाट ऐकूही येते. बॉल पडतो तो एक ठोका, मग घरंगळण्याचा लांब आवाज, मध्ये निवडीच्या जागी छोटीशी 'टक्‌', आणि शेवटी रंगीत असेल तर दुसऱ्या बॉलवर आपटल्याचा आवाज, पांढरा असेल तर खिडकीतल्या रबरावरचा बोथट आवाज. बॉल अडकल्याची तक्रार आली की मी आधी हेच ऐकतो. घरंगळणं मध्येच तुटलं तर अडथळा पन्हळीत आहे. 'टक्‌' होऊन पुढे रंगीत बॉलवर आदळल्याचा आवाज आला तर पांढरा चुकीच्या फाट्याला गेला, म्हणजे दोष निवडीत आहे. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे.

पायरी पहिली: तुमचं टेबल कुठल्या जातीचं?

सोबत हवं: एक सरळ पट्टी, एक बऱ्यापैकी जोराचं चुंबक (स्पीकरमधलं चालेल, फ्रिजवर चिकटवायचं नाही), आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

पांढरा बॉल मधे आणि दोन्ही बाजूंना एकेक रंगीत, असे तीन बॉल सपाट जागी ओळीत, एकमेकांना चिकटवून ठेवा. वरून पट्टी आडवी टाका. तिन्हींवर सपाट बसली तर आकार एकच. पट्टी मधल्या बॉलवर डुगडुगली तर पांढरा मोठा. दोन बाजूंच्या बॉलांवर टेकून मधे फट राहिली तर पांढरा लहान. हा फरक तीन मिलिमीटरच्या आसपासचा असतो, नुसत्या डोळ्याला तो पटकन कळत नाही, पट्टीला मात्र लगेच कळतो.

मग चुंबक. पांढऱ्याला टेकवून हळूच ओढा. बॉल मागे आला तर आत लोखंड आहे. लक्षात घ्या, बॉल स्वतः चुंबक नसतो. चुंबक टेबलात असतं. म्हणून बॉलला टाचणी लावून बघण्याने काही सिद्ध होत नाही.

आता आकडे. अमेरिकन पद्धतीच्या पूलचा रंगीत बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सव्वादोन इंच. वजन १५६ ते १७० ग्रॅम. त्याच्यासोबतचा चुंबकी पांढरा आकाराने तेवढाच. मोठा पांढरा साधारण ६०.३ मिलिमीटर, म्हणजे दोन इंच आणि तीन अष्टमांश. इंग्लिश पबमधल्या पद्धतीचं छोटं टेबल असेल, लाल-पिवळ्या बॉलांचं, तर रंगीत बॉल ५०.८ मिलिमीटर आणि पांढरा ४७.६, म्हणजे तिथे उलटं, पांढराच लहान.

आणि एक चौथा पाहुणा मुंबईत हमखास सापडतो: स्नूकरचा पांढरा, ५२.५ मिलिमीटरचा. ज्या क्लबात स्नूकर आणि पूल शेजारी शेजारी आहेत तिथे पूलचा पांढरा हरवला की कुणीतरी स्नूकरचा उचलून आणतो. पट्टी टाकली की हा लगेच पकडला जातो. अमेरिकन कॉइन टेबलात हा गेला की तो कुठल्याच हिशेबात बसत नाही: लोखंड नाही आणि मोठाही नाही, म्हणून तो रंगीत बॉलांच्या कोठीत मुक्कामाला जातो. "टेबल बॉल खातंय" यातल्या बऱ्याच कहाण्या इथेच संपतात. टेबल ठणठणीत असतं, बॉल परका असतो.

टेबलाला मुळात काय हवं ते मात्र बॉलवरून ठरवू नका, कारण बॉल आधीच कुणीतरी बदललेला असू शकतो. कोठीकडचं झाकण उघडून निवडीची जागा बघा. पन्हळीच्या भिंतीला किंवा झडपेला चिकटवलेलं काळं वा चकचकीत चुंबक दिसलं तर चुंबकी टेबल. पन्हळीवर आडवी पट्टी किंवा मधेच नेमक्या मापाची फट दिसली तर आकारावर चालणारं.

निवड नेमकी कशी होते

चुंबकी टेबलात सगळ्यात साधी रचना अशी: पन्हळीच्या एका बाजूला चुंबक बसवलेलं असतं. रंगीत बॉल त्याच्यासमोरून सरळ निघून जातो. पांढऱ्याच्या पोटातलं लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं, बॉल त्या भिंतीला घासत चालतो आणि फाटा आला की त्याच बाजूला वळतो. काही टेबलांत चुंबक हलत्या झडपेवर असतं. पांढरा समोर आला की झडपच त्याच्याकडे ओढली जाते आणि वाट बदलते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

यात वेग फार महत्त्वाचा. चुंबकाला बॉल ओढायला क्षणभर वेळ लागतो. पन्हळीचा उतार जास्त झाला तर बॉल तेवढ्यात निसटतो आणि कोठीत जातो. उतार कमी झाला तर तो चुंबकाशीच चिकटून बसतो आणि मागचे बॉलही अडवतो. म्हणून टेबल पाणसळीत, म्हणजे सगळीकडे एका पातळीत, असणं हे नुसतं खेळासाठी नाही, या निवडीसाठीही लागतं. पुढे त्याकडे येतोच.

आकारावरच्या टेबलात चुंबकाऐवजी माप असतं. एका रचनेत पन्हळीवर ठरलेल्या उंचीवर आडवी पट्टी असते. ५७ मिलिमीटरचा बॉल तिच्याखालून जातो, ६० चा तिला अडून बाजूच्या फाट्याला वळतो. दुसऱ्या रचनेत पन्हळीच्या तळाशी फट असते. लहान बॉल तिच्यातून खाली पडतो, मोठा तिच्यावरून रुळावरच्या चाकासारखा पुढे जातो. इंग्लिश टेबलात हीच फट उलट कामाला येते: ४७.६ चा पांढरा पडतो, ५०.८ चे रंगीत वरून निघून जातात. या यंत्रणेला वेगाचं फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून ती दणकट. तिचा शत्रू एकच, मापात पडलेला फरक: वाकलेली पट्टी, फुगलेलं लाकूड, नाहीतर वर्षानुवर्षं झिजून टवके उडालेला बॉल.

खेळताना काय फरक पडतो

इथे जरा रेंगाळतो, कारण जिमखान्यात शिकलेला चांगला खेळाडू कॉइन टेबलावर आला की पहिल्या अर्ध्या तासात हमखास चिडतो आणि दोष क्यूला देतो.

मोठा पांढरा व्यासाने साडेपाच टक्केच मोठा. पण वजन व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून त्याच मालाचा बॉल जवळजवळ साडेसतरा टक्के जड होतो. रंगीत बॉल १६० ते १७० ग्रॅमचा असेल तर हा १९० ते २०० ग्रॅमच्या घरात. सारख्या वजनाच्या बॉलांत स्टन शॉट (पांढरा न फिरता, नुसता सरकत जाऊन आदळतो तो फटका) समोरासमोर बसला की पांढरा जागच्या जागी थांबतो. जड पांढरा थांबत नाही. कागदावरचं गणित केलं तर टक्कर झाल्यावरही त्याच्याकडे मूळ वेगाच्या सुमारे आठ टक्के वेग उरतो, आणि तो पुढे सरकतो. जोरात मारलेल्या शॉटला आठ टक्के म्हणजे चांगलीच वीत-दीड वीत, कधी थेट पॉकेटपर्यंत. त्याला थांबवायचा असेल तर नेहमीपेक्षा खाली मारावं लागतं, आणि स्क्रू करून मागे आणायचा असेल तर बरंच खाली. उलट फॉलो (टक्कर झाल्यावर पांढरा पुढे जाणं) फुकटात मिळतो. बॉलांचा झुबका फोडायला हा पांढरा बरा.

नेमबाजीतही सूक्ष्म फरक आहे. दोन बॉल एकमेकांना टेकतात तेव्हा दोन्हींच्या मध्यांतलं अंतर एरवी ५७.१५ मिलिमीटर असतं. मोठ्या पांढऱ्यामुळे ते सुमारे ५८.७ होतं. नेहमीच्या सवयीने पांढऱ्याच्या मध्याची रेषा धरून ४५ अंशांचा कट (तिरका फटका) मारला, तर प्रत्यक्षात बॉल सुमारे दीड अंश जाड लागतो, म्हणजे तेवढा कमी तिरका जातो. जवळच्या पॉकेटला दीड अंश पचतो. टेबलाच्या लांबीभर जाणाऱ्या बॉलला पचत नाही. शिवाय कुशनच्या (टेबलाच्या रबरी काठाच्या) नाकाची उंची साध्या बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के ठेवलेली असते. तीच उंची मोठ्या बॉलला ६० टक्क्यांवर लागते, आणि त्याची उसळी किंचित वेगळी येते.

इंग्लिश टेबलावर सगळं उलट. ४७.६ चा पांढरा रंगीत बॉलच्या तुलनेत साडेसतरा टक्के हलका. समोरासमोर स्टन मारला तर तो जवळपास दहा टक्के वेगाने आपोआप मागे येतो. इथे स्क्रू करणं इतकं सोपं की नवखा पोरगाही दोन दिवसांत स्वतःला चॅम्पियन समजायला लागतो, आणि फॉलो मारायला गेला की त्याचा भ्रम उतरतो.

चुंबकी पांढरा या बाबतीत सगळ्यात सोयीचा, कारण आकार तोच राहतो. मात्र जुन्या धाटणीच्या बॉलमध्ये लोखंडाचा गाभा मधोमध नसला तर बॉल हळू वेगात वाकडा जातो. तपासायला सोपं: चांगल्या लेव्हलच्या टेबलावर त्याला हळूच सोडा, मग बॉल फिरवून दुसऱ्या बाजूने सोडा. दर वेळी वेगळीकडे वळला तर दोष बॉलचा. दर वेळी एकाच बाजूला वळला तर टेबलाचा.

नाण्याची सरकपट्टी आणि आपली नाणी

परदेशातून आलेल्या, सेकंडहँड विकत घेतलेल्या टेबलांची खरी पंचाईत इथे होते. सरकपट्टीत नाण्यांसाठी खाचा असतात. नाणी खाचांत ठेवून पट्टी आत ढकलली की आतल्या स्प्रिंगच्या खिट्ट्या प्रत्येक खाचेवर येतात. खाच रिकामी असेल किंवा नाणं पातळ असेल तर खिट्टी खाली पडून पट्टीला अडवते. सगळी नाणी बरोबर असतील तर पट्टी शेवटपर्यंत जाते, दांडा झडप उघडतो, बॉल धडधडत बाहेर येतात, आणि पट्टी परत ओढताना नाणी गल्ल्यात पडतात. म्हणजे इथेही तपासणी फक्त व्यासाची आणि जाडीची. नाण्यावर काय छापलंय ते पट्टीला कळत नाही.

अमेरिकन पट्टी क्वार्टरसाठी असते, २४.२६ मिलिमीटर व्यास, १.७५ मिलिमीटर जाडी. आपलं एकही चालू नाणं तिच्यात नीट बसत नाही. पण पट्टी बदलून घेतली तरी एक गंमत उरते. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचाचं २३ मिलिमीटरचं. २०१९ च्या मालिकेत दोनाचं झालं २३ आणि पाचाचं २५. म्हणजे दोन आणि पाचाने व्यासांची अदलाबदल केली, आणि दोन्ही मालिका खिशात एकत्र फिरताहेत. पाच रुपयांसाठी कुठलाही एक व्यास ठरवलात तर दुसऱ्या मालिकेचं पाचाचं नाणं बसणार नाही, आणि दोनाचं मात्र डोकावून बघेल. मग सगळी भिस्त जाडीच्या खिट्टीवर. दहाचं नाणं २७ मिलिमीटरवर टिकून आहे, पण वीसचं नाणंही २७ मिलिमीटरचंच, फक्त बारा कोनांचं.

माझा सल्ला सरळ आहे: टोकन करून घ्या. पितळेचं, ठरलेल्या व्यासाचं आणि जाडीचं, सोसायटीचं नाव कोरलेलं. वॉचमनकडे किंवा कॅन्टीनच्या काउंटरवर ठेवा. दर बदलायचा झाला तर टोकनची किंमत बदला, टेबल उघडायची गरज नाही. पट्टीतल्या नको असलेल्या खाचा पक्क्या बंद करून एका टोकनवरही डाव ठेवता येतो.

रहिवाशांकडून पैसे घ्यायचेच नसतील तर झडपेचा दांडा उघड्या स्थितीत बांधून ठेवतात. चालतं. मात्र दांडा सुतळीने बांधू नका. सुतळी पावसाळ्यात सैल पडते आणि झडप अर्धी मिटून बॉल मधेच अडकतो. तारेचा पक्का आकडा करा.

दुरुस्ती: कुठून सुरू करायची

आधी पाणसळ. टेबलाच्या पलंगावर लांबीत आणि रुंदीत दोन्ही दिशांनी, मधे आणि चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. बहुतेक टेबलांच्या पायांना फिरवायचे पाय असतात. ते संपले तरच पाचर लावा, आणि पाचर मरीन प्लायची किंवा टणक रबराची, पुठ्ठ्याची नको. वर स्लेट (दगडी लादी) असते, टेबल फार जड असतं. एका बाजूने उचलून सरकवलं की पाय तिरके होतात आणि पन्हळींचे सांधे सुटतात. दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर शोधायची जागा हीच.

मग साफसफाई. पॉकेटमधून आत काय काय जातं ते उघडल्यावरच कळतं: चॉकचे तुकडे, वेफरचं पाकीट, टोकन, पेनाची टोपणं, एकदा तर कुणाच्या तरी घराची किल्ली. चॉकची पूड दमट हवेत चिकट थर धरते आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा थर पन्हळीवर लेपासारखा बसतो. कोरड्या फडक्याने आणि लहान ब्रशने काढा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर अजून चांगलं. तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे यातलं काहीही पन्हळीवर नको. त्यावर पूड आणखी बसते आणि बॉल तेलकट होऊन वरचं कापड खराब करतात. तेलाचा एखादा थेंब फक्त सरकपट्टीच्या सांध्याला आणि झडपेच्या बिजागरीला.

यानंतरही त्रास असेल तर लक्षणावरून जा.

पांढरा कोठीत जातो, पण रंगीत सगळे बरोबर जातात. चुंबकी टेबल असेल तर आधी बॉलला चुंबक लावून बघा. बॉल ठीक असेल तर टेबलातलं चुंबक सुटून मागे सरकलं आहे का, त्याच्यावर गंजाचा पापुद्रा किंवा लोखंडी चुरा आहे का, ते पाहा. खाऱ्या हवेने चुंबकाभोवतीच्या पत्र्याला गंज फार लवकर धरतो, वांद्र्यापासून वर्सोव्यापर्यंत समुद्राला लागून असलेल्या इमारतींत तर विचारूच नका. चुंबक बदलायचं झालं तर पहिल्याच जोराचं घ्या. "मोठं निओडिमियम लावू, कटकट मिटेल" असं दुकानदार सांगतो. त्याने पांढरा बॉल चुंबकाला घट्ट चिकटून बसतो आणि मागे सगळी रांग लागते.

रंगीत बॉल पांढऱ्याच्या खिडकीतून येतो. आकारावरच्या टेबलात ही नेहमीची तक्रार. पट्टी वाकून खाली आली आहे किंवा लाकडाची पन्हळ फुगून वर उचलली आहे, म्हणून साधा बॉलही अडतो. रंधा मारायची घाई करू नका. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड नोव्हेंबरात बसतं आणि तेव्हा फट मोठी होते. पट्टी स्क्रूवर असेल तर तीच वर-खाली करा. एखादाच ठरावीक नंबर सारखा येत असेल तर मात्र तो बॉल मोजा. बहुधा तो दुसऱ्या संचातला निघतो.

दोन बॉल पाठोपाठ गेले तरच गडबड होते. ब्रेकवर (डावाच्या पहिल्या फटक्यावर) पांढरा आणि रंगीत एकामागोमाग पडले की ते पन्हळीत चिकटून चालतात आणि निवडीच्या जागी एकमेकांना ढकलतात. हा दोष नाही, या यंत्रणेची मर्यादा आहे. क्वचित झालं तर सोडून द्या. वरचेवर होत असेल तर पन्हळ संथ झाली आहे, पुन्हा साफसफाई आणि पाणसळ.

टोकन टाकलं, पट्टी गेली, पण बॉल कमी आले. कोठीतला शेवटचा बॉल झडपेच्या कडेवर बसलेला असतो. झडप पूर्ण उघडते का बघा. दांड्याचा बोल्ट सैल झाला की ती तीन चतुर्थांशच उघडते.

हात घालताना दोन नियम. पलंग उचलायचा असेल तर दोन माणसं आणि पक्का टेकू, हाताच्या भरवशावर स्लेटखाली डोकं घालायचं नाही. आणि गल्ल्याची किल्ली व यंत्राची किल्ली वेगळी असते. यंत्राची मिळाली नाही म्हणून गल्ल्याच्या बाजूने पत्रा वाकवू नका.

नवा पांढरा घेताना

दुकानात "पूलचा व्हाइट द्या" एवढंच म्हणालात तर साधा, लोखंड नसलेला ५७ चा बॉल हातात पडेल, आणि तो तुमच्या टेबलात पहिल्याच फाउलला गायब होईल. "चुंबकी" किंवा "मोठा, साठचा" असं स्पष्ट सांगा आणि सोबत चुंबक व एक रंगीत बॉल घेऊन जा. फिनॉलिक रेझिनचे बॉल महाग पडतात पण टिकतात; बेल्जियममध्ये बनणारा अरामिथ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. स्वस्त पॉलिएस्टरचे बॉल लवकर पिवळे पडतात आणि टवके उडतात. एकावेळी दोन घ्या. दुसरा कुलपात.

नवा बॉल आला की सहाही पॉकेटांतून तो सोडून बघा, प्रत्येकातून एकदा हळू आणि एकदा जोरात. खिडकीला सर्वांत जवळचं पॉकेट नीट तपासा, कारण तिथून बॉल सर्वांत कमी वाट चालून, बऱ्याच वेगात निवडीपर्यंत पोचतो. मग प्रत्येक पॉकेटातून पांढरा आणि त्याच्यामागे लगेच रंगीत. सगळं बरोबर आलं की झाकण बंद करा, कुलूप लावा, आणि किल्ली दोघांकडे ठेवा. एकाकडेच ठेवलीत तर तो नेमका गणपतीला गावी गेलेला असतो.